आत्याबाई दारात

दागेस्तानातल्या अक्कुम गावात सगळ्यांना माहीत असलेली आणि कुणीच नाव न घेतलेली अशी एकच गोष्ट होती. ती म्हणजे पलीकडच्या खाडीत, उंच कुंपणाआड, सोव्हिएत नौदलाने ठेवलेलं ते धूड. त्याला जहाज म्हणावं तर पंख होते, आणि विमान म्हणावं तर ते कास्पियन समुद्रावरून दोन-तीन पुरुष उंचीच्या वर कधी जात नसे. पंख आणि पाणी यांच्यामध्ये दाबल्या गेलेल्या हवेवर पोट टेकून ते असं सुसाट सुटायचं की नजर फिरवेपर्यंत डोंगराच्या टोकाआड दिसेनासं व्हायचं. पोटात चिलखती गाड्या आणि शंभरावर सैनिक घालून शत्रूच्या किनाऱ्यावर थेट वाळूत जाऊन बसायचं, एवढ्यासाठीच ते बांधलं होतं. सरकारचं म्हणणं असं की असं काही नाहीच. आता जे नाहीच, ते आठवड्यातून दोनदा तुमच्या खिडक्या खडखडवणार असेल, तर त्याला काहीतरी म्हणायला तर हवं. म्हणून गावाने त्याचं नाव ठेवलं आत्याबाई. कारण ती न कळवता यायची, आली की घर डोक्यावर घ्यायची आणि गेल्यावर मागे फुटक्या बश्या गोळा कराव्या लागायच्या.

या आत्याबाईंपायी आपलं लग्न अडेल, असं बुर्लियतला कधी स्वप्नातही वाटलं नव्हतं.

बुर्लियत ही अर्सलानअलीची एकुलती एक मुलगी. गावाजवळच्या कारखान्याच्या वसाहतीतल्या पावाच्या दुकानात ती काम करायची आणि जिभेला धार अशी की उधार मागायची कुणाची हिंमत नव्हती. अर्सलानअली एके काळी मच्छीमारांच्या टोळीचा नाईक होता. आता गुडघे गेल्यामुळे तो घरी बसून जाळी दुरुस्त करायचा. बायको जाऊन काही वर्षं झाली होती. समुद्राच्या बाजूने गावातलं शेवटचं घर त्यांचं. फाटक उघडलं की थेट वाळू.

पावाच्या दुकानात रोज अर्धा पाव न्यायला एक उंच, कानांपर्यंत लाजणारा तरुण यायचा. त्याचं नाव सुलेबंद. डोंगरातल्या दार्गिन लोकांच्या गावचा, नौदलात मेकॅनिक. पुढे तो दिवसातून दोनदा अर्धा पाव न्यायला लागला. तिसऱ्यांदा आला तेव्हा बुर्लियतने विचारलं, "तुझ्या घरी काय घोडा बांधलाय का?" त्यावर तो म्हणाला, "नाही, मी एकटाच आहे." हे त्याने इतक्या सरळपणे सांगितलं की तिला पुढची टोमणेबाजी सुचेना. तिथून सगळं सुरू झालं.

त्या उन्हाळ्यात तो मागणी घालायला आला. इस्त्रीचा सदरा आणि हातात डोंगरी मधाचा डबा. आमच्याकडे पाहुण्याला जेवू घातल्याशिवाय तो का आला हे विचारत नाहीत. अर्सलानअलीने त्याला खिंकाल म्हणजे कणकेचे उकडलेले तुकडे वाढले, मेंढीचं मटण वाढलं, वर लसणाची चटणी, आणि चहाची दुसरी फेरी झाल्यावर मिशा पुसून विचारलं, "काय करतोस?"

"नोकरी करतो, काका."

"कुठे?"

"इथेच. जवळच."

"कसली?"

"सरकारी."

"अरे, सरकारी तर पोस्टातलं मांजरसुद्धा आहे. तू करतोस काय?"

सुलेबंद आधी कानांवर लाल झाला, मग मानेपर्यंत. "ते सांगता यायचं नाही, काका. कुणाला सांगणार नाही अशी सही केली आहे."

त्याच्या सदऱ्याला इस्त्रीतूनही रॉकेलचा वास येत होता. तो रोज सकाळी कोणत्या कुंपणाच्या फाटकातून आत जातो हे गावातल्या कोंबड्यांनाही ठाऊक होतं. अर्सलानअलीलाही होतंच. पण म्हातारा एकदा अडून बसला की बसला.

"उद्या लोक मला विचारतील, तुमचा जावई काय करतो. मी काय सांगू? सही करतो?"

सुलेबंदने खाली मान घातली. मधाचा डबा तसाच ठेवून तो निघून गेला.

पुढचे दोन आठवडे बुर्लियतने दोन्हीकडे डोकं आपटून पाहिलं. दुकानामागे सुलेबंदला गाठून ती म्हणाली, "एकदा सांगून मोकळा हो ना. सगळ्या गावाला माहीत आहे. कुत्र्यांना माहीत आहे."

"मग कुत्र्यांना विचारायला सांग काकांना."

"मी सांगते त्यांना."

"तू काय सांगणार? मी तुला कधी काही बोललोय का?"

ती आठवत राहिली. खरंच, एक अक्षरही तो कधी बोलला नव्हता. एवढे महिने तो तिच्याशी बोलला ते डोंगरातल्या हिमाबद्दल, आईच्या पायदुखीबद्दल, लहानपणी हरवलेल्या गाढवाबद्दल. कुंपणाआडच्या एका खिळ्याबद्दलसुद्धा नाही. तिला त्याचा भयंकर राग आला. राग आल्यावर माणूस अधिकच आवडायला लागतं, हा त्यातला वेगळा त्रास.

घरी बाबांकडे गेली तर ते जाळ्याच्या गाठी मारत होते. "बाबा, तुम्हाला माहीत आहे ना तो काय करतो?"

"मला काय माहीत आहे त्याचा प्रश्न नाही. त्याच्या तोंडून यायला हवं. मुलगी मागायला आलाय, टपालाची पेटी उघडायला नाही."

"त्याने शब्द दिलाय बाबा, सरकारला."

"मग सरकारची मुलगी कर म्हणावं."

असं हे चाललेलं असताना शेजारच्या किस्तमानकाकूंनी डाव साधला. किस्तमानकाकू म्हणजे गावची वर्तमानपत्रं बंद पडली तरी चाललं असतं अशी बाई. त्यांच्या बहिणीचा मुलगा बदरुद्दीन शहरात बुटांच्या दुकानात मोठा विक्रेता होता. "मुलगा मोकळ्या मनाचा आहे हो," काकू म्हणाल्या. "विचारा ते सांगतो." हे मात्र शंभर टक्के खरं निघालं. अर्सलानअली म्हणाला, येऊ दे रविवारी. सगळं बरं वाटलं तर तिथेच शब्द देऊन टाकू.

रविवारी शब्द दिला गेला की संपलं, हे बुर्लियतला माहीत होतं. बाबांनी दिलेला शब्द फिरवलेला गावात कुणी पाहिला नव्हता.

पाहुणे येणार म्हणजे गालिचे धुवायचे. हा आमच्या बायकांचा नेम आहे. पाहुणा आवडता असो की नावडता, गालिचे दोघांसाठीही धुतले जातात. रविवारी पहाटेच बुर्लियतने घरातले चारही लाल गालिचे समुद्रात नेले, पायांनी तुडवले आणि फाटकासमोरच्या वाळूवर ओळीने अंथरले. आईने विणलेले, डाळिंबासारखे लाल गालिचे. कोपऱ्यांवर दगड ठेवताना ती एकेक दगड असा आपटत होती की बदरुद्दीनच त्या दगडाखाली यावा.

दुपारी पाहुणे आले. द्राक्षाच्या मांडवाखाली टेबल मांडलं होतं. चहाचा समोवार, चीज भरलेल्या पातळ पोळीसारखे चुदू, कलिंगड, जर्दाळूचं सरबत. बदरुद्दीन गोरा, गुबगुबीत आणि सुगंधी होता. तो बसला आणि बोलायला लागला. बुटांबद्दल बोलला, चेकोस्लोव्हाकियातून येणाऱ्या बुटांबद्दल बोलला, दुकानाच्या व्यवस्थापकाच्या मेहुणीबद्दल बोलला. अर्सलानअली शांतपणे चहा ओतत होता. बुर्लियत स्वयंपाकघराच्या खिडकीतून सगळं ऐकत होती आणि खिंकालचं पीठ जरुरीपेक्षा जास्त जोरात मळत होती.

"आणि तुमच्या त्या आत्याबाई," बदरुद्दीन आवाज खाली न आणता म्हणाला. "मला विचारा. वजन किती, एकशेचाळीस टन. शेपटीवर एक पंखा, पुढे नाकात दोन इंजिनं. ते नाक दारासारखं बाजूला फिरतं आणि आतून गाड्या बाहेर येतात."

"तुला कुठून कळलं हे?" अर्सलानअलीने विचारलं.

"इंजिनिअरांच्या बायका येतात ना दुकानात. बाई एकदा बूट घालून बघायला बसली की मग काही ठेवत नाही."

किस्तमानकाकूंनी अभिमानाने मान डोलावली. अर्सलानअलीने साखरेचा खडा दातात धरला आणि चहाचा घोट घेतला.

तेवढ्यात तो आवाज आला. त्याची कुणाला नवलाई नव्हती; बश्या धरायच्या, आवाज डावीकडून उजवीकडे जाऊ द्यायचा आणि बोलणं पुढे चालू करायचं. पण आज आवाज उजवीकडे गेलाच नाही. तो जागच्या जागी मोठा होत राहिला.

बुर्लियत पिठाच्या हातांनी बाहेर आली. समुद्रातून, पाण्याचा पांढरा धुरळा दोन्ही बाजूंना फेकत, आत्याबाई सरळ त्यांच्या घराकडे येत होत्या. आधी त्या पाण्यावर बसल्या, मग पोटाने पाणी कापत किनाऱ्याला आल्या, मग किनाराही ओलांडला. पंखांखालून सुटलेल्या वाऱ्याने वाळू चहूकडे उडाली. टेबलावरचं कापड सरबतासकट निघून गेलं. कोपऱ्यांवरचे दगड झुगारून गालिचे उठले. दोन कुंपणाला जाऊन चिकटले, एक मांडवावर चढला आणि चौथा किस्तमानकाकूंवर, खुर्चीसकट, असा बसला की आतून फक्त आवाज येत होता.

मग इंजिनं थांबली. फाटकापासून हाकेच्या अंतरावर, घराच्या चौपट लांबीचं ते करडं धूड वाळूत बसलं होतं आणि गरम पत्र्यासारखं टकटक वाजत होतं. त्याचं नाक हळूहळू बाजूला फिरलं, अगदी बदरुद्दीनने सांगितलं होतं तसंच. आतून एक चिलखती गाडी गुरगुरत उतरली आणि समोर कोंबड्या पाहून थांबली. तिच्या दोन्ही बाजूंनी सैनिक आरोळी ठोकत धावत सुटले. किनाऱ्यावर उतरलं की समोर दिसेल ती पहिली आडोशाची जागा ताब्यात घ्यायची, असं त्यांना शिकवलेलं होतं. समोर द्राक्षाचा मांडव होता. त्यांनी तो ताब्यात घेतला.

एक पिवळ्या भुवयांचा सार्जंट टेबलाशी पालथा पडून समोवारवर बंदूक रोखून राहिला. बदरुद्दीनने दोन्ही हात वर केले. एका हातात चुदू होता. काकूंनी गालिच्यातून डोकं काढलं आणि परत आत घेतलं. आरोळी कुठेतरी मध्येच विरली, कारण सैनिकांना खिंकालचा वास आला होता.

अर्सलानअली उठला. त्याने टोपी काढून वाळू झटकली, पुन्हा घातली, आणि सावकाश चालत जाऊन फाटक सताड उघडलं.

"या," तो म्हणाला. "किती जण आहात?"

सार्जंटने पडल्या पडल्या वर पाहिलं. "आजोबा, आम्ही हल्ला केलाय."

"दिसतंय मला. आधी जेवून घ्या. कशाला आलात ते मग सांगा."

बुर्लियतचं लक्ष त्या कुणाकडेच नव्हतं. उघड्या नाकाच्या बिजागरीपाशी, कोपरापर्यंत ग्रीस माखलेला, हातात भलामोठा पाना घेतलेला सुलेबंद उभा होता. तिच्या हातावरच्या पिठासारखा त्याचा चेहरा पांढरा पडला होता. त्याने घर ओळखलं, मांडव ओळखला, बदरुद्दीनला ओळखत नसूनही ओळखलं, आणि तो बिजागरीला टेकून राहिला. त्याच्या मागे आत्याबाईंचा चालक, एक टकला मेजर, नकाशा एकदा सरळ आणि एकदा उलटा धरून पाहत होता.

मग काय, घरात मोठं पातेलं होतं ते चुलीवर चढलं. ते पुरेना म्हणून शेजारची पातेली आली. आवाज ऐकून अर्धं गाव धावत आलं होतं आणि येताना कुणी रिकाम्या हाताने आलं नव्हतं. पाव आले, चीज आलं, टोमॅटोच्या टोपल्या आल्या. सैनिक बंदुका मांडवाच्या खांबांना टेकवून, मांडीवर शिरस्त्राण ठेवून, त्यातच वाढून घेऊ लागले. पिवळ्या भुवयांच्या सार्जंटला चटणी तिखट लागली आणि तो रडत रडत आणखी मागत होता.

त्यातच उत्तरेकडून धूळ उडवत एक जीप आली. तिच्यातून बुटका, उन्हाने भाजलेला ॲडमिरल उतरला आणि त्याच्यामागून करड्या सुटातला एक गप्प माणूस. ॲडमिरल डोंगराच्या टोकापलीकडच्या ओसाड किनाऱ्यावर, मॉस्कोहून आलेल्या पाहुण्यांबरोबर, हातात घड्याळ घेऊन आत्याबाईंची वाट पाहत उभा होता. आत्याबाई समोरून आल्या, वळल्या आणि दुसऱ्यांच्याच घरी गेल्या.

"मेजर," तो म्हणाला. रागाने त्याचा आवाज बारीक झाला होता. "चार लाल पट्टे. तुमच्यासाठी वाळूवर चार लाल पट्टे अंथरून ठेवले होते. आंधळ्यालासुद्धा दिसतील असे."

मेजरने बोट दाखवलं. कुंपणावर दोन, मांडवावर एक आणि किस्तमानकाकूंच्या खांद्यावर एक. ॲडमिरलने चारही गालिचे पाहिले. बोलण्यासाठी त्याने तोंड उघडलं, पण तेवढ्यात अर्सलानअली त्याच्यासमोर ताटली घेऊन उभा राहिला.

"आधी जेवा, साहेब."

ॲडमिरल वीस वर्षं दागेस्तानात होता. या दोन शब्दांपुढे कोणत्याही हुद्द्याचं काही चालत नाही, हे तो शिकला होता. तो बसला. करडा सूटही बसला.

इथे बदरुद्दीनने गप्प राहायला हवं होतं. त्याला कुणी काही विचारलं नव्हतं. पण समोर खराखुरा ॲडमिरल जेवत असताना जवळची माहिती पोटात ठेवणं त्याला जमणारं नव्हतं. तो खुर्ची ओढून जवळ सरकला. "साहेब, एक सांगू? नाकातली इंजिनं जरा आधी बंद करायला हवी होती. एकशेचाळीस टन वजन म्हणजे वाळूत..."

ॲडमिरलचं चावणं थांबलं. "आपण कोण?"

"मी बुटांच्या दुकानात असतो."

"बुटांच्या. आणि हे वजन आपल्याला कुणी सांगितलं?"

करड्या सुटातल्या माणसाने, जो आतापर्यंत फक्त जेवत होता, चमचा खाली ठेवला. बदरुद्दीनने त्या चमच्याकडे पाहिलं. त्याच्या तोंडावरचा रंग वरपासून खालपर्यंत उतरला.

"कसलं वजन?" तो म्हणाला. "मी कलिंगडाबद्दल बोलत होतो."

"एकशेचाळीस टनांचं?"

"सगळी मिळून." मग त्याला एकदम शहराची बस आठवली. ती बस संध्याकाळी होती, पण तो लगेच निघाला. किस्तमानकाकू, खांद्यावरचा गालिचा टाकून, त्याच्यामागे धावल्या. त्या बाईला इतक्या घाईत आणि इतक्या गप्प कुणी पाहिलं नव्हतं. बुर्लियतने तोंडावर डोक्याच्या रुमालाचं टोक धरून हसू दाबलं. हसताना तिला वाटलं, आता काही झालं तरी निदान हा नाही.

पण अर्सलानअली हसत नव्हता. तो नाकाच्या बिजागरीकडे पाहत होता, जिथे सुलेबंद अजून उभाच होता.

"ए डोंगऱ्या," त्याने हाक मारली. "जेवलास?"

"नाही, काका."

"ये. आधी जेव."

सुलेबंदने हात वाळूने घासले आणि येऊन उभ्या उभ्या जेवला. खाली बसायची त्याची छाती होईना. सगळं गाव, सगळी पलटण, ॲडमिरल, सगळे त्याचं जेवण बघत होते. त्याने शेवटचा घास गिळला तसं अर्सलानअलीने मिशा पुसल्या.

"काय करतोस?"

कुठेतरी एक सैनिक खुदकन हसला. मागे आत्याबाईंचं नाक आ वासून उघडं होतं.

"नोकरी करतो, काका."

"कुठे?"

"इथेच. जवळच."

"किती जवळ?"

सुलेबंदने विचार केला. "बरीच जवळ."

"तुझ्या मागे काय आहे?"

त्याने मान जराशी वळवली, पाहिलं, आणि परत फिरवली. "समुद्र आहे, काका."

आता सगळा मांडव हसला. ॲडमिरलही हसला. अर्सलानअलीने हात वर केला आणि हसणं थांबेपर्यंत वाट पाहिली.

"हे बघ पोरा. शब्द नको. नुसती मान हलव. ते मागचं तुझं आहे का, एवढंच. एकदा मान हलव आणि मुलगी घेऊन जा. हे सगळे साक्षीला आहेत."

कुणी हसेना. बुर्लियतने रुमालाचं टोक मुठीत आवळलं. हलव, ती मनात म्हणत होती, हलव रे गाढवा, एक मान. तुझी मान आहे, सरकारची नाही. सुलेबंदने तिच्याकडे पाहिलं. त्याने इतका वेळ तिच्याकडे सगळ्यांदेखत कधी पाहिलं नव्हतं.

"काका," तो म्हणाला, "मानसुद्धा त्याच सहीत आली."

बुर्लियतच्या डोळ्यांत पाणी आलं. तिला रडायचं नव्हतं, एवढ्या लोकांसमोर तर मुळीच नाही, पण आलं. संपलं सगळं. एका मानेवाचून गेलं. त्या क्षणी तिने त्याचा, त्या धुडाचा, नौदलाचा आणि समुद्राचा मनापासून द्वेष केला.

ॲडमिरलला राहवेना. "अहो, मी आहे ना इथे. मी परवानगी देतो त्याला, की..."

"तुम्ही जेवा," अर्सलानअली म्हणाला.

मग तो बोलला तो कुणाकडे न पाहता. "हिची आई आजारी होती तेव्हा डॉक्टरने मला शहरात बाजूला घेऊन सांगितलं, दिवस थोडे आहेत. मी ठरवलं होतं, तिला मी सांगेन, माझ्या पद्धतीने, सावकाश. वाटेत एका माणसाजवळ बोललो. एकाच. घरी पोचलो तर बायका अंगणात बसून रडत होत्या. तिला त्यांच्याकडून कळलं." त्याने टोपी हातात घेतली. "तेव्हापासून मी या गावात जाळ्यांबद्दल बोलतो, मीठ-मासळीबद्दल बोलतो. दुसरं काही बोलायला माणूस नाही."

बुर्लियतला हे माहीत नव्हतं. बाबांचा बोलका स्वभाव आईबरोबर गेला, एवढंच ती समजून होती.

"त्या दिवशी मला तुझा राग आला होता," म्हातारा सुलेबंदला म्हणाला. "खोटं कशाला बोलू. वाटलं, पोरगा वरिष्ठांना भिऊन गप्प आहे. भिणारा माणूस वरिष्ठ नसले की बोलतो. आज तर तुझा वरिष्ठच म्हणतोय बोल, आणि तुला हवी ती वस्तू समोर ठेवली मी. तरी तू बोलला नाहीस." त्याने सुलेबंदच्या ग्रीसने माखलेल्या बाहीला धरलं आणि त्याला पाण्याच्या कडेला घेऊन गेला.

तिथे म्हातारा त्याच्या कानाशी लागून बोलला. खूप वेळ बोलला. सुलेबंद वाकून ऐकत होता. एकदा त्याने म्हाताऱ्याच्या पाठीवर हात ठेवला आणि तसाच ठेवला. लाटा येत होत्या, दोघांचे बूट भिजत होते. अख्खं अक्कुम गाव कान ताणून बसलं होतं आणि एक शब्द कुणाला ऐकू आला नाही.

परत येऊन अर्सलानअली बुर्लियतला म्हणाला, "चहा ओत. आधी त्याला. उरलेल्या पाहुण्यांना नंतर."

आमच्याकडे मुलीने असा चहा दिला की शब्द दिला गेला असं धरतात. गावाने एकदम श्वास सोडला. सैनिकांना रीत ठाऊक नव्हती, पण त्यांनी शिरस्त्राणं वाजवली. चहा ओतताना बुर्लियत कपाकडे न बघता सुलेबंदकडे बघत होती, म्हणून निम्मा चहा बशीत गेला. सुलेबंदने आधी बशीतला प्यायला.

उन्हं कलली तशी आत्याबाईंच्या निघण्याची तयारी सुरू झाली. ॲडमिरलने घड्याळाकडे पाहिलं, मेजरकडे पाहिलं आणि मॉस्कोच्या पाहुण्यांना काय सांगायचं ते ठरवलं. "उतरायची जागा आयत्या वेळी बदलली," तो म्हणाला. "शत्रू पूर्ण बेसावध होता. एवढं तरी खरं आहे." मेजरने पहिल्यांदाच नकाशाची घडी घातली. गाडी आत गेली, सैनिक गेले, सार्जंट चटणीची बरणी अंगरख्यात लपवून गेला. कुंपणावरचा एक गालिचा बायकांनी झटकला तर त्यातून बादलीभर वाळू निघाली.

बुर्लियत चुदूंचं गाठोडं घेऊन नाकापाशी धावली. सुलेबंद बिजागरीचा खटका तपासत होता.

"हे घे," ती म्हणाली. मग जवळ सरकून, हळूच, "बाबा काय म्हणाले तुला?"

"कधी?"

"आत्ता. तिकडे, पाण्यापाशी."

सुलेबंदने विचार केला. त्याचे कान पुन्हा लाल झाले. "हवा बरी आहे म्हणाले."

बुर्लियतने मागे वळून पाहिलं. बाबा पाण्याच्या कडेला एकटेच उभे होते, पाठमोरे, आणि टोपीने तोंड पुसत होते. त्यांचे खांदे कितीतरी वर्षांनी सैल पडलेले तिला दिसले. क्षणभर तिला बाबांकडे धावत जावंसं वाटलं. पण ती बुर्लियत होती. तिने पुन्हा सुलेबंदकडे पाहिलं.

"सुलेबंद, मी तुझी बायको होणार आहे."

"हो," तो म्हणाला. हे म्हणताना तो इतका हसला की त्याचं सगळं तोंड उजळलं.

"मग मला तरी सांग."

"दुपारी वारा जरा जास्त होता, असंही म्हणाले," सुलेबंद म्हणाला आणि त्याने खटका ओढला.

नाक सावकाश मिटू लागलं. फटीतून त्याचा हसरा चेहरा अर्धा दिसला, मग पाव, मग नुसता करडा पत्रा उरला. आता जन्मभर विचारत राहायचं आणि जन्मभर हवापाणी ऐकायचं, हे तिथे वाळूत उभं असताना बुर्लियतच्या पक्कं ध्यानात आलं. तिला इतका राग आला होता की हसू आवरेना.